जुनं सामान घरात आणताना ढेकूण, भुंगा आणि झुरळं दाराबाहेर कशी ठेवायची

प्रश्न असा आहे: पुण्यात दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलंय, जूनमध्ये राहायला जायचंय. पलंग, कपाट, सोफा, फ्रिज, मुलीसाठी टेबल आणि पुस्तकं, सगळं नवं घेणं परवडत नाही. घरातली मोठी माणसं म्हणतात, जुन्या सामानाबरोबर ढेकूण येतात. मग काय घ्यावं, काय सोडावं आणि घरात आणण्याआधी काय करावं?

मोठ्यांची भीती खोटी नाही, पण ती सगळ्या सामानाला सारखी लागू होत नाही. कीड वस्तूच्या वयामुळे येत नाही. वस्तूला फटी किती आहेत, त्या फटीपर्यंत तुमची नजर जाते का, आणि तिथवर गरम पाणी, वाफ किंवा ऊन पोचवता येतं का, यावर सगळं ठरतं. लोखंडी कपाट वीस वर्षं जुनं असलं तरी अर्ध्या तासात उघडून, पुसून, सांध्यांत उकळतं पाणी ओतून निर्धोक करता येतं. दोन वर्षांच्या गुबगुबीत सोफ्याच्या पोटात काय आहे हे मात्र तो फाडल्याशिवाय कळत नाही. म्हणून कुठलीही वस्तू बघताना आधी एकच प्रश्न विचारा: ही मला पूर्ण उघडता येईल का, आणि आतपर्यंत तापवता किंवा धुता येईल का? दोन्हींचं उत्तर "नाही" असेल, तर स्वस्ताईकडे बघू नका.

या हिशोबाने तुमच्या यादीत लोखंडी कपाट, प्लास्टिकच्या खुर्च्या, लोखंडी किंवा भरीव सागवानी पलंग, काचेचं किंवा घट्ट लाकडाचं टेबल आणि स्टीलची भांडी बिनधास्त जुनी घ्या. फ्रिज आणि वॉशिंग मशीन तपासून घ्या. गादी आणि उशा जुन्या घेऊच नका, कितीही नव्यासारख्या दिसल्या तरी. सोफा शक्यतो नको. घ्यायचाच असेल तर लाकडी हातांचा, सुट्या गाद्यांचा घ्या. त्याच्या गाद्या टाकून नव्या शिवून घेता येतात.

पैशाच्या बाजूनेही हेच बरोबर ठरतं. आकडे समजण्यापुरते धरा. नवं लोखंडी कपाट १४,००० रुपये आणि जुनं ६,०००. त्यात टेम्पो-हमालीचे १,००० आणि नवं कुलूप व रंगाचे १,००० मिळवले, तरी ६,००० वाचतात. नवा सोफा २२,०००, जुना ७,०००. टेम्पोचे १,५०० आणि फोम-कापड बदलण्याचे ८,००० धरले की बचत ५,५०० वर येते, आणि चौकटीतला धोका तसाच राहतो. त्यातून ढेकूण निघाले, तर दोन-तीन वेळा पेस्ट कंट्रोल करावं लागतं, सगळ्या अंथरुणांची धुलाई येते आणि ती बचत एका महिन्यात जाते.

कुठून घ्यावं

घरातून विकलं जाणारं सामान दुकानातल्यापेक्षा बरं. याचं कारण भाव नाही. ती वस्तू जिथे राहिली ती खोली तुम्हाला बघायला मिळते. पुण्यात मे-जूनमध्ये अकरा महिन्यांचे करार संपतात, बदल्या होतात, शिक्षण संपवून मुलं गावी परततात, तेव्हा भरपूर सामान निघतं. फोटोवर भाव ठरवू नका. दिवसाउजेडी घरी जा आणि वस्तू तिच्या नेहमीच्या जागी असतानाच बघा. विकणाऱ्याने पलंग आधीच पुसून बाहेरच्या खोलीत आणून ठेवला असेल, तर तो कुठल्या खोलीत होता ते विचारा आणि त्या खोलीच्या भिंतीचे कोपरे, स्विचबोर्डच्या कडा, पडद्याची वरची शिवण यांवर नजर टाका.

सरळ विचारा: "गेल्या वर्षभरात पेस्ट कंट्रोल केलंय का? कशासाठी?" बहुतेक लोक खरं सांगतात. "ढेकणांसाठी केलं होतं, आता काहीच नाही" असं उत्तर आलं, तर तिथून लाकूड-कापडाचं काही घेऊ नका. फवारणीनंतर उरलेली अंडी आणि खोल फटीतले ढेकूण आठवड्यांनी पुन्हा दिसू लागतात.

सर्वांत जास्त काळजी पीजी, वसतिगृह आणि लॉजमधून घाऊक निघालेल्या खाटा-गाद्यांबाबत घ्या. जिथे माणसं सतत बदलतात, बॅगा येतात-जातात, तिथे ढेकूण टिकून राहतो.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, मुंबईत जोगेश्वरीजवळच्या ओशिवऱ्यात किंवा कुठल्याही फर्निचरच्या गोदामात अडचण वेगळी असते. तिथे एका वस्तूचा इतिहास बघून भागत नाही, कारण पन्नास घरांचं सामान एकमेकांना चिकटून उभं असतं. ढेकूण उडत नाही, उडीही मारत नाही, पण चालतो चांगला. त्यामुळे सोफ्यातला ढेकूण शेजारच्या कपाटात सहज जातो. अशा ठिकाणी गाद्यांच्या ढिगाला टेकलेली वस्तू सोडून द्या. आणखी एक गोष्ट: "सोफा नव्यासारखा केलाय" म्हणजे बहुतेक वेळा वरचं कापड बदललेलं असतं, आतला फोम, पट्टे आणि चौकट जुनीच.

पिशवीत काय न्यायचं

मोबाईलचा टॉर्च पुरत नाही, वेगळी चांगली विजेरी घ्या. सोबत एक जुनं एटीएम कार्ड, चपटा आणि फुलीचा असे दोन स्क्रू ड्रायव्हर, एक जाड टाचणी किंवा टोचा, पांढरं ओलं फडकं, पांढरा कागद, काळा कार्डशीट आणि रुंद चिकटपट्टी. प्रत्येकाचं काम पुढे येईलच.

ढेकूण कसा शोधायचा

पूर्ण वाढलेला ढेकूण चार ते पाच मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी, चपटा, मसुराच्या डाळीएवढा असतो. पिल्लं फिकट, जवळजवळ पारदर्शक असतात आणि रक्त प्यायल्यावरच लाल दिसतात. अंडी एक मिलिमीटरची, पांढरी, फटीत चिकटवलेली. दिवसा जिवंत ढेकूण दिसण्याची वाट बघत बसलात तर फसाल. तो दिवसा लपतो, आणि सावध विक्रेत्याने दिसणारे ढेकूण आधीच झाडून टाकलेले असतात. त्यापेक्षा त्याच्या खुणा शोधा, त्या सगळ्या झाडून जात नाहीत.

पहिली खूण विष्ठेची. शाईच्या पेनचं टोक टेकवावं तसे काळे ठिपके, बहुतेक वेळा घोळक्याने. कापडावर ते शाईसारखे पसरतात, लाकडावर किंचित उंचवटा राहतो. शंका आली की ओलं पांढरं फडकं त्यावर घासा. तांबूस-तपकिरी रेघ उमटली, तर ते पचलेलं रक्त आहे. दुसरी खूण कातीची: वाढताना पाच वेळा टाकलेली फिकट, पोकळ टरफलं. तिसरी अंड्यांची सालं. जास्त प्रादुर्भाव असेल तर गोडसर, कुबट वासही येतो, पण वासावर विसंबू नका. अगरबत्ती आणि फिनेलखाली तो दडतो.

पलंगाची सुरुवात डोक्याकडच्या फळीपासून करा. झोपलेल्या माणसाचं डोकं तिथे असतं, म्हणून वस्ती आधी तिथे होते. फळी भिंतीपासून सरकवा, मागची बाजू बघा. मग चारही कोपऱ्यांचे सांधे, स्क्रूची भोकं, आडव्या पट्ट्या जिथे टेकतात ती खाच. एटीएम कार्ड फटीत घालून हळूच ओढा आणि जे निघेल ते पांढऱ्या कागदावर झाडा. बॉक्सचा दिवाण असेल तर आतलं सगळं रिकामं करायला लावा. प्लायच्या कडा, बिजागऱ्या आणि तळाच्या फळीची खालची बाजू बघा. एका पलंगाला पंधरा मिनिटं लागतात. विकणारा घाई करत असेल, तर निघून या.

लोखंडी खाटेत लोक पोकळ नळ्या विसरतात. नळीच्या तोंडाचं प्लास्टिकचं बूच काढा आणि आत उजेड टाका. नवारीची खाट असेल तर नवार सोडवून घ्यायची नाही, ती फेकायची आणि घरी नवी भरायची.

सोफा उलटा करा. खाली काळं पातळ कापड पिनांनी ठोकलेलं असतं. एका कडेच्या दोन-चार पिना काढायची परवानगी मागा. मिळाली नाही तर घेऊ नका. चौकटीचे आतले कोपरे, पट्ट्यांचे खिळे आणि गाद्यांच्या पायपिंगची शिवण ताणून बघा.

खूण सापडली तर भाव करू नका. ओरखडा, मोडकं हँडल, उडालेलं पॉलिश यासाठी किंमत पाडा. ढेकणाच्या खुणेवर सवलत मागणं म्हणजे तो विकत घेणं.

लाकडातली कीड: भुंगा की वाळवी

इथे बरेच जण घाबरून चांगलं लाकूड सोडतात आणि वाईट घेतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

भुकटी कशी पडते ते बघा. चिमटीत घेतल्यावर मैद्यासारखी मऊ लागली आणि लाकडावर एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं असतील, तर तो भुंगा. रव्यासारखी किंवा खसखशीसारखी खरखरीत, एकसारख्या दाण्यांची असेल, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. भिंग लावलं तर तिच्या लेंड्यांना सहा बाजू दिसतात. ही वाळवी मातीशी संबंध न ठेवता लाकडातच राहते आणि मुंबई, कोकण, गोवा अशा दमट किनारपट्टीवर जास्त आढळते. त्या भागातून आलेल्या फर्निचरला हा तपास जरूर करा. मातीच्या रेघा काढत चढणारी ती जमिनीतली वाळवी. तिला मातीचा ओलावा लागतो, त्यामुळे वस्तू जमिनीपासून तोडली की आत उरलेली वाळवी सहसा जगत नाही. तरीही मातीची रेघ फोडल्यावर पांढरे जिवंत किडे पळताना दिसले, तर ती वस्तू नको. वाळवी दिसत नसेल तर मागच्या फळीवर बोटाने टकटक करा. जिथे पोकळ, कागदी आवाज येतो तिथे टोचा दाबा. तो विनासायास आत गेला, तर आतलं लाकूड संपलंय.

भुंग्याच्या बाबतीत भोकं दिसली म्हणजे कीड जिवंत आहे असं नाही. भोक हे किडा बाहेर पडल्याची खूण आहे. कडा ताज्या, फिकट रंगाच्या आणि खाली पांढरट भुकटी असेल तर आत काम चालू आहे. कडा काळवंडलेल्या, आत धूळ-पॉलिश भरलेलं असेल, तर जुनी गोष्ट. खात्री करायची तर विकणाऱ्याला आठ दिवस मागा. भोकांखाली काळा कार्डशीट ठेवा, लाकडावर हलके ठोके द्या, भुकटी झाडा आणि आठवड्याने बघा. नवी भुकटी पडली तर जिवंत.

भुंगा कोणत्या लाकडाला लागतो हे कळलं की निम्मी भीती जाते. त्याच्या अळीला लाकडातलं पिष्ट हवं असतं. ते बुंध्याच्या बाहेरच्या, फिकट भागात असतं, ज्याला सुतार लाकडाचा पांढरा भाग म्हणतात. सागाच्या आतल्या तपकिरी गाभ्याला हा भुंगा सहसा लागत नाही. पण स्वस्त "सागवानी" पलंगात पांढरा भाग आतल्या पट्ट्यांना वापरलेला असतो आणि नेमकी तीच पट्टी पोखरते. आंबा, रबरवूड, बांबू आणि वेत मात्र भुंग्याचे आवडते. लाकूड जुनं होत जातं तसं पिष्ट कमी होतं, म्हणून पंधरा-वीस वर्षं धड राहिलेल्या सागवानी कपाटाला आता हा भुंगा लागण्याची शक्यता कमी. नव्या आंब्याच्या लाकडाच्या सेंटर टेबलापेक्षा आजोबांच्या काळचं कपाट सुरक्षित ठरतं ते यामुळे. शिवाय हा भुंगा अंडी घालतो ती उघड्या, रंग-पॉलिश नसलेल्या लाकडाच्या छिद्रांत. म्हणून फर्निचरची मागची आणि खालची कोरी बाजू घरी आणल्यावर पॉलिशने बंद करावी. समोरून चकाकतं आहे म्हणून थांबू नका.

थोडा जिवंत भुंगा असलेला, बाकी उत्तम सागवानी पलंग मिळाला तर? पोखरलेली पट्टी सुताराकडून बदलून घ्या. पट्टी बदलता येत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात वाळवी-भुंग्यासाठी तयार लाकूड-रक्षक मिळतं. सुई लावलेल्या सिरिंजने ते भोकाभोकांत भरा आणि कोऱ्या बाजूंना ब्रशने दोन हात द्या, पहिला हात वाळल्यावर दुसरा. पॉलिश किंवा सनमायका असलेल्या बाजूने ते आत जात नाही. काम उघड्या गॅलरीत, हातमोजे घालून करा. वास पूर्ण जाईपर्यंत पलंग झोपायच्या खोलीत आणू नका. सगळं वाळल्यावर भोकं मेणाने बुजवा, म्हणजे नवं भोक पडलं तर लगेच दिसेल.

भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचं फर्निचर जुनं घेऊ नका. एकदा ओल धरून फुगलं की स्क्रू बसत नाही, आणि फुगलेल्या कडांत झुरळं घर करतात.

फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि झुरळं

मोरीतून येणारं मोठं लाल झुरळ यंत्रांबरोबर क्वचित येतं. येतं ते दीड सेंटिमीटरचं, फिकट तपकिरी, मानेच्या मागे दोन काळे उभे पट्टे असलेलं लहान झुरळ. त्याला ऊब, ओलावा आणि अरुंद फट हवी असते आणि यंत्रात तिन्ही मिळतात. त्याच्या एका अंडकोशात तीस-चाळीस पिल्लं असतात, आणि मादी तो फुटायच्या वेळेपर्यंत अंगाशी घेऊन फिरते. म्हणजे एकच मादी आली तरी पुरे.

फ्रिजला दाराचं रबर ओढून घडीत बघा, मग मागे खाली कॉम्प्रेसरवरचा पाण्याचा ट्रे. मिरपूड सांडल्यासारखे काळे कण आणि छोट्या राजम्यासारखी पोकळ तपकिरी टरफलं दिसली की समजा. वॉशिंग मशीनमध्ये बटणांच्या पॅनेलमागे आणि तळाशी, मिक्सरच्या खालच्या जाळीत, पाणी शुद्ध करायच्या यंत्राच्या झाकणामागे बघा. सेट-टॉप बॉक्स आणि राउटरही विसरू नका. मायक्रोवेव्हच्या घड्याळाच्या काचेमागे मेलेली झुरळं दिसली तर तो सोडा. त्याचं बाहेरचं कव्हर कधीही उघडू नका. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा झटका देऊ शकतो.

फ्रिज चांगला आहे आणि किरकोळ शंका आहे, तर तो स्वयंपाकघरात न नेता गॅलरीत ठेवा. प्लग काढून ट्रे आणि रबर साबणाच्या गरम पाण्याने धुवा. मग झुरळांसाठी मिळणारं फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचं जेल, तुरीच्या डाळीएवढा एकेक ठिपका, मागच्या सांध्यांत आणि कॉम्प्रेसरजवळ आठ-दहा ठिकाणी लावा. तिथे मुलांचा हात आणि अन्न पोचता कामा नये. जेल लावलं तिथे फवारा मारू नका. झुरळं फवाऱ्याच्या वासाने जेल खात नाहीत आणि आणखी आत शिरतात. तीन आठवड्यांनी दुसरी फेरी करा, कारण मधल्या काळात नवे अंडकोश फुटलेले असतात.

कपडे आणि पुस्तकं

कपड्यांचं सोपं आहे. दुकानातून थेट पिशवी बांधून मशीनपाशी न्या, ६० अंशांच्या पाण्यात धुवा आणि शिवणींवरून वाफेची इस्त्री फिरवा. पाणी न सोसणाऱ्या शाली, लोकरी कपडे आणि रेशमी साड्यांना कसर आणि लोकर खाणाऱ्या अळ्यांचा धोका असतो. त्या हवाबंद पिशवीत घालून, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये एक आठवडा ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस बंदच राहू द्या, नाहीतर गारठलेल्या कापडावर बाष्प जमतं. साडीची जरी दुमडू न देता हलक्या हाताने ठेवा.

अप्पा बळवंत चौकातली किंवा मुंबईत फाउंटन, माटुंग्याच्या पदपथावरची जुनी पुस्तकं जरूर घ्या. कण्याची पोकळी बघा, पुस्तक उलटं धरून पांढऱ्या कागदावर आपटा. आरपार गेलेली भोकं आणि भुकटी असेल तर फ्रीझरची तीच पद्धत वापरा, फक्त दोन आठवडे. कडेने कुरतडलेलं असेल तर ती चंदेरी कसर. ती ओलाव्यावर जगते, पुस्तक कोरडं ठेवलं की हटते. पुस्तकं उन्हात घालू नका, डिंक सुकून पानं सुटतात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. काही बाळांच्या रक्तपेशींना नॅप्थलीन घातक ठरतं.

घरात आणण्याआधी: उष्णता

ढेकणावर आज सर्वांत भरवशाचा उपाय उष्णता आहे, कारण बाजारातल्या बऱ्याच फवाऱ्यांना तो सरावलाय. ४८ अंश सेल्सियसला मोठा ढेकूण साधारण वीस मिनिटांत मरतो, अंड्यांना मात्र त्याच तापमानात सत्तर मिनिटं लागतात. ५५ अंशांना अंडीही टिकत नाहीत. हे तापमान हवेचं नाही, फटीच्या आतलं हवं. इथेच गादी उन्हात घालण्याचा घरगुती उपाय फसतो. वरचा पृष्ठभाग चटके देतो, आत कापूस गारच राहतो, आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात.

लोखंडी खाट आणि कपाट जिन्याखाली किंवा गच्चीवर उभं करून सांध्यांत, नळ्यांत, बिजागऱ्यांत उकळतं पाणी ओता. एका खाटेला दहा-बारा लिटर लागतं. मग उन्हात पूर्ण वाळवा, नाहीतर गंज धरेल. लाकडाला उकळतं पाणी नको, वाफ द्या. कपड्यांचा साधा स्टीमर चालतो. तोंड फटीपासून एक-दोन सेंटिमीटरवर धरून, हातभर लांबीला अर्धा मिनिट या गतीने सरकवा. झोत जोराचा असेल तर तोंडावर सुती फडकं बांधा, नाहीतर ढेकूण मरायच्या आत उडून पलीकडे पडतो. मेणाचं किंवा लाखेचं जुनं पॉलिश वाफेने पांढरं पडतं, म्हणून आधी मागच्या बाजूला करून बघा.

पडदे, सोफ्याच्या खोळी, मुलांची मऊ खेळणी अशा छोट्या वस्तूंना एप्रिल-मेचं ऊन उपयोगी पडतं. जाड काळ्या पिशवीत एक थर पसरून, तोंड बांधून, दुपारी गच्चीच्या तापलेल्या सिमेंटवर ठेवा. आत मधोमध तापमापक असू द्या आणि ५० अंशांच्या वर गेल्यापासून दोन तास मोजा. जूनच्या मध्यानंतर हे जमत नाही. म्हणून खरेदी शक्य तेवढी मेमध्येच उरका, घराची किल्ली हाती येण्याआधी सामान कुणाच्या गच्चीवर ठेवावं लागलं तरी.

"महिनाभर प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलं की उपाशी मरतात" यावर विसंबू नका. ढेकूण रक्ताशिवाय काही महिने काढू शकतो.

टेम्पोही धोक्याचा असतो. सामान गुंडाळायला येणाऱ्या जुन्या गोधड्या आणि घोंगड्या घरोघर फिरलेल्या असतात. वस्तू विकणाऱ्याच्या दारातच पॅकिंगच्या पातळ प्लास्टिकने गुंडाळा आणि वर तुमच्या घरची जुनी चादर बांधा. ती चादर उतरल्यावर लगेच गरम पाण्यात टाका.

काय करू नका

रॉकेल ओतू नका, आग लागते आणि अंडी राहतातच. नुवान नावाने ओळखलं जाणारं डायक्लोरव्हॉस कुणी गुपचूप दिलं तर नाकारा, त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. आणि धान्यात ठेवायच्या सल्फासच्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात फर्निचरजवळ कधीही ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो फटींतून शेजारच्या घरातही जातो, आणि त्यावर उतारा नाही. पोटतिडकीने सांगतोय, ढेकणांपायी घरातलं मूल गमावण्याइतकी कुठलीच खाट स्वस्त नसते.

पहिले सहा आठवडे

पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. चादर आणि मच्छरदाणी जमिनीला टेकू देऊ नका. प्रत्येक पायाखाली मोठ्या वाटीत छोटी वाटी अशी जोडी ठेवा, पाय छोट्या वाटीत. दोन्हींमधल्या खोबणीत आणि छोट्या वाटीच्या आतही टाल्कम पावडर चोळा. आपल्याकडचा उष्ण प्रदेशातला ढेकूण गुळगुळीत भिंतही चढतो, पावडरवर मात्र त्याची पकड सुटते. बाहेरून येणारा बाहेरच्या खोबणीत अडकतो, पलंगातून उतरणारा आतल्या वाटीत. कोणत्या वाटीत सापडला यावरून तो कुठून आला ते कळतं. पावडर दर आठवड्याला बदला, पुसलेल्या वाटीतून तो निसटतो. डोक्याकडच्या फळीमागे चिकटपट्टी उलटी लावून ठेवलीत तर तीही साक्ष देते.

एखादा सापडला तर त्याला चिकटपट्टीवर पकडून ठेवा, म्हणजे ओळख पटवता येईल. अंथरूण दुसऱ्या खोलीत नेऊन झोपू नका. तुमच्या मागे ढेकूणही येतात आणि एका खोलीचं दुखणं दोन खोल्यांचं होतं. अंथरुणं पिशवीत बांधून गरम पाण्याकडे न्या, सांध्यांना वाफ द्या आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. त्याच्याशी आधीच दोन फेऱ्या ठरवा, मधे दहा ते चौदा दिवसांचं अंतर ठेवून. आपल्या हवेत अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात, त्यामुळे एकाच फवारणीत काम भागत नाही. घरमालकालाही त्याच दिवशी कळवा. ढेकूण अस्वच्छतेमुळे येत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उलट लपवल्यामुळे तो शेजारी पसरतो आणि परत तुमच्याकडे येतो.

सहा आठवड्यांत वाट्या रिकाम्या, अंगावर चावे नाहीत, कार्डशीटवर भुकटी नाही, तर वाट्या काढायला हरकत नाही. आत अंडी राहिली असती तर एव्हाना त्यांतून निघालेली पिल्लं रक्त शोधत वाटीत उतरलेली दिसली असती.